घटक ४ : दुरंगी लढतीतील निषेधाचे मत – राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• साध्या बहुमताच्या निवडणूक पद्धतीत लढत दोन पक्षांभोवती का एकवटते, हे स्पष्ट करता येईल.
• राजापूर लोकसभा मतदारसंघाच्या आधारे ‘तिसरा पक्ष’ या संकल्पनेची चिकित्सा करता येईल.
• तिसऱ्या पक्षाला दिलेले मत, ‘नोटा’ आणि मतदानावरील बहिष्कार यांतील फरक सांगता येईल.
• ‘मत वाया गेले’ आणि ‘मतविभाजन झाले’ या विधानांची तर्कशुद्ध तपासणी करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मतदानाचा हक्क आणि प्रतिनिधित्व या संकल्पनांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात प्रत्यक्ष मतदारापुढे उभ्या राहणाऱ्या एका पेचाचा विचार करावयाचा आहे. निवडून येण्याची शक्यता दोनच उमेदवारांना आहे आणि त्या दोघांविषयीही मतदाराच्या मनात नाराजी आहे, अशा वेळी त्याने काय करावे? दोघांतील त्यातल्या त्यात बरा निवडावा, की निवडून येणार नाही हे ठाऊक असूनही तिसऱ्याला मत द्यावे?

हा पेच आपल्या परिसरातील एका उदाहरणाने समजून घेऊ. मालवण किनाऱ्यावर रापण ओढणारे व लहान होड्यांतून मासेमारी करणारे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांनी मासेमारी करणारे यांच्यात अनेक वर्षे संघर्ष आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. तरीही अंमलबजावणीची तक्रार कायम राहिली. समजा, एखाद्या रापणकर मतदाराच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि दोन्ही प्रमुख उमेदवार त्यावर मौन बाळगून आहेत. तिसरा उमेदवार मात्र याच प्रश्नावर उभा आहे. आप्तेष्ट सांगतात, ‘मत फुकट घालवू नकोस.’ हा सल्ला कितपत खरा आहे? या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न हाच आहे.

प्रमुख पक्षांविषयीची नाराजी व्यक्त करण्याच्या हेतूने, विजयाची अपेक्षा न ठेवता दिलेल्या मताला आपण येथे ‘निषेधाचे मत’ म्हणू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मतमोजणीचा नियम आणि दुरंगी लढतीची ओढ

लोकसभा व विधानसभा निवडणुकांत एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो आणि ज्याला सर्वाधिक मते मिळतात तो विजयी होतो. निम्म्याहून अधिक मते मिळण्याची अट नाही. पुढील काल्पनिक आकडे पाहा. शंभर मतांपैकी ‘क’ला ४०, ‘ख’ला ३८ आणि ‘ग’ला २२ मते मिळाली. ‘क’ विजयी ठरतो. ६० मतदारांनी त्याला नाकारले, ही गोष्ट निकालात कोठेही उमटत नाही. ‘ग’च्या मतदारांपैकी तिघांनी जरी ‘ख’ला मत दिले असते, तरी निकाल बदलला असता.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राजकीय पक्षांवरील ग्रंथात या पद्धतीचे दोन परिणाम दाखवून दिले. पहिला परिणाम यांत्रिक आहे. लहान पक्षांची मते विखुरलेली असतील, तर त्या मतांच्या प्रमाणात त्यांना जागा मिळत नाहीत. शेजारच्या गोव्यात २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सुमारे ३३ टक्के मतांवर ४० पैकी २० जागा मिळाल्या. प्रथमच लढणाऱ्या रेव्होल्युशनरी गोवन्स या पक्षाला ९ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकच जागा मिळाली. दुसरा परिणाम मानसिक आहे. आपले मत वाया जाईल या जाणिवेने मतदार आधीच आपली खरी पसंती बाजूला ठेवून पहिल्या दोघांपैकी एकाकडे वळतो. यालाच डावपेचात्मक मतदान म्हणतात. या दोन परिणामांमुळे लढत हळूहळू दोन पक्षांभोवती एकवटते.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. हा नियम एकेका मतदारसंघात काम करतो. देशात वा राज्यात पक्ष अनेक असले, तरी एका मतदारसंघात खरी लढत बहुधा दोघांतच असते आणि ते दोघे प्रत्येक मतदारसंघात वेगळे असू शकतात.

४.२.२ राजापूर : राज्यात तिसरा, मतदारसंघात पहिला

वरील मुद्द्याचे उत्तम उदाहरण म्हणजे पूर्वीचा राजापूर लोकसभा मतदारसंघ. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीपासून हा किनारा राजापूर मतदारसंघात होता.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आदी पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली एकत्र आले होते. त्यांची विचारसरणी परस्परांहून भिन्न होती. तथापि निषेधाचा विषय एक होता आणि काँग्रेसविरोधी मत विखुरले जाणार नाही, याची दक्षता घेतली गेली होती. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका बसला. द्विभाषिक मुंबई राज्यात सत्ता काँग्रेसकडेच राहिली. म्हणजे सत्ताबदल हीच कसोटी धरली, तर ते मत ‘वाया’ गेले. परंतु त्या मताने मागणीचे बळ मोजून दाखवले आणि तीनच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

याच निवडणुकीत वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै राजापुरातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ व १९६७ मध्येही ते विजयी झाले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर लगेच झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाने महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाला संपूर्ण देशात दोनच जागा मिळाल्या. त्यांपैकी एक राजापूरची होती. तेथून प्रा. मधु दंडवते निवडून आले. पुढे १९७७, १९८०, १९८४ व १९८९ असे सलग विजय त्यांनी मिळवले. १९८४ मध्ये राज्यातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या, तेव्हाही राजापूर त्या लाटेबाहेर राहिले.

राज्याच्या नकाशावर पाहिले, तर या मतदारांनी एका लहान पक्षाला मत दिले. राजापुरात मात्र तो पक्ष लढतीतील पहिल्या दोघांपैकी एक होता. पुण्यात वा नागपुरात त्याच पक्षाला दिलेले मत केवळ निषेधाचे ठरले असते. राजापुरात ते प्रतिनिधी निवडणारे मत ठरले. म्हणून ‘तिसरा’ हा पक्षाचा गुणधर्म मानू नये. ती विशिष्ट मतदारसंघातील, विशिष्ट वेळची जागा असते. ही जागा निषेधाच्या लाटेवर मिळू शकते, पण ती टिकवण्यासाठी सातत्याचे काम लागते. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री आणि १९८९ मध्ये अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वेच्या मागणीचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

याच काळातील आणखी एक उदाहरण कोकणाशी जवळचे आहे. मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरी-सिंधुदुर्गातील चाकरमानी मोठ्या संख्येने होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप यशस्वी झाला नाही. तरीही १९८४ मध्ये, काँग्रेसच्या लाटेत, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून प्रस्थापित पक्षांबाहेरून लोकसभेवर गेले. एका जागी दाटीने राहणारे, एकाच दुःखाने बांधलेले मतदार असतील, तर निषेधाचे मतही विजयी होऊ शकते, हे यावरून दिसते. मात्र त्या विजयाने बंद पडलेल्या गिरण्या सुरू झाल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) दुव्हर्जे यांनी सांगितलेले दोन परिणाम कोणते?
आ) १९७१ मध्ये राजापुरात प्रजासमाजवादी पक्षाला दिलेले मत ‘वाया गेलेले मत’ का म्हणता येत नाही?

४.२.३ तिरंगी लढत आणि मतविभाजनाचा आरोप

१९९१ मध्ये राजापुरात काँग्रेस, जनता दल आणि शिवसेना अशी तिरंगी लढत झाली. दंडवते पराभूत झाले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. १९९६ पासून सलग चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू विजयी झाले. म्हणजे जी जागा समाजवाद्यांनी तीन दशके सांभाळली होती, ती दुसऱ्या पक्षाने घेतली आणि लढत पुन्हा दुरंगी झाली. तिरंगी अवस्था बहुधा संक्रमणाची असते, असे या उदाहरणावरून दिसते.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा मतदारसंघ अस्तित्वात आला. तेथे २०१९ मध्ये वेगळे चित्र दिसले. शिवसेनेचे विनायक राऊत १,७८,३२२ मतांच्या फरकाने विजयी झाले. दुसऱ्या स्थानी नव्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाचे नीलेश राणे होते आणि काँग्रेसचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या स्थानी गेला. २०२४ मध्ये लढत पुन्हा दोन आघाड्यांत झाली. भाजपचे नारायण राणे यांनी शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) विनायक राऊत यांचा ४७,८५८ मतांनी पराभव केला. नावे व चिन्हे बदलली तरी दुरंगी लढतीचा साचा टिकून राहिला.

तिरंगी लढतीनंतर हमखास होणारा आरोप मतविभाजनाचा असतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेड येथे काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी हरले, तर वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सुमारे १ लाख ६६ हजार मते मिळाली. अमेरिकेत २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांच्या फरकाने लागला आणि त्यावर अध्यक्षपद ठरले. तेथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती. दोन्ही ठिकाणी ‘तिसऱ्यामुळे दुसरा हरला’ असे म्हटले गेले.

या विधानाची तपासणी दोन अंगांनी करावी. एक, तिसऱ्याची मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त असणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. ते मतदार अन्यथा कोणाकडे गेले असते, किती जण घरीच बसले असते, हे केवळ बेरजेने कळत नाही. फ्लोरिडात नेडर यांच्या मतदारांतील लहानसा गट दुसरीकडे वळला असता, तरी निकाल बदलला असता. म्हणून तेथे आरोपाला अधिक आधार आहे. नांदेडमध्ये त्यासाठी सुमारे एक चतुर्थांश मतदारांचे निव्वळ स्थलांतर लागले असते. ते अशक्य नव्हते. पण सिद्धही झालेले नाही. दोन, ‘मतविभाजन’ या शब्दातच एक गृहीतक दडलेले आहे. मते मुळात दुसऱ्या पक्षाच्या मालकीची होती आणि कोणीतरी ती काढून घेतली, असे तो शब्द सुचवतो. मत ही कोणत्याही पक्षाची मालमत्ता नसते. ज्या समाजगटांना दीर्घकाळ गृहीत धरले गेले, त्यांच्या दृष्टीने वेगळे मत देणे हा आपली स्वतंत्र संख्या दाखवण्याचा मार्ग असतो. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या परिणामाची मतदाराला सर्वांत अधिक भीती वाटते, तोच परिणाम त्याच्या निषेधाच्या मताने घडू शकतो. त्याने तो धोका जाणून स्वीकारलेला असावा, एवढीच अपेक्षा करता येते.

लढत दुरंगी आहे की तिरंगी, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. तिसऱ्या उमेदवाराच्या मतांना दुसऱ्याच्या मतांनी भागावे. उत्तर शून्याच्या जवळ असेल, तर लढत दुरंगी. एकाच्या जवळ असेल, तर तिरंगी. नांदेडच्या २०१९ च्या निकालात दुसऱ्याला सुमारे ४ लाख ४६ हजार मते होती. म्हणून हे गुणोत्तर सुमारे ०.३७ येते.

४.२.४ तिसऱ्या पक्षाचे मत, ‘नोटा’ आणि बहिष्कार

निषेध नोंदवण्याचे तीन मार्ग सामान्यतः दिसतात. कायदा व मतमोजणी त्यांच्याकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात.

पहिला मार्ग तिसऱ्या पक्षाला मत देण्याचा. हे मत वैध मतांत मोजले जाते. उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली, तर त्याची अनामत रक्कम जप्त होत नाही. पक्षाला राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळवण्याच्या निकषांतही मतांचे प्रमाण धरले जाते. उदाहरणार्थ, राज्यात ८ टक्के वैध मते मिळाली, तर एकही जागा न जिंकता मान्यता मिळू शकते. म्हणजे हरलेल्या मतालाही पुढील निवडणुकीच्या दृष्टीने काही मूल्य असते.

दुसरा मार्ग ‘नोटा’चा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाचा. पूर्वी नियम ४९-ओनुसार मत न देण्याचा निर्णय मतदान केंद्राध्यक्षांना सांगून नोंदवावा लागे. त्यामुळे गुप्तता राहत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिलेल्या निर्णयानंतर मतदानयंत्रावर हा पर्याय आला. लोकसभा व विधानसभा निवडणुकांत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांपैकी पहिला विजयी ठरतो. अनामत रकमेच्या हिशेबातही ही मते धरली जात नाहीत. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये नागरी स्थानिक संस्थांसाठी वेगळा आदेश काढला. त्यानुसार ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावयाची असते. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण येथे ‘नोटा’ २७ हजारांहून अधिक मतांसह दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ती नाराजी कोणावर होती, उमेदवारावर, जागावाटपावर की आणखी कशावर, याविषयी तर्क झाले. आकड्याने स्वतः काहीच सांगितले नाही.

तिसरा मार्ग बहिष्काराचा. रस्ता, साकव, पाणी वा मोबाइलचे नेटवर्क यांसाठी एखादे गाव मतदानावर बहिष्काराचा ठराव करते. मतदानापूर्वी अधिकारी गावात येतात, आश्वासन देतात. दबावाचा उपयोग तेवढ्यापुरता होतो. मतमोजणीत मात्र बहिष्कार दिसत नाही. आजारपणामुळे न आलेला मतदार आणि निषेधाने न आलेला मतदार यांत टक्केवारी फरक करत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) अनामत रकमेच्या संदर्भात तिसऱ्या पक्षाचे मत व ‘नोटा’ यांत कोणता फरक आहे?
आ) ‘नोटा’बाबत स्थानिक नागरी संस्था व विधानसभा यांच्या निवडणुकांत कोणता भेद आहे?

४.२.५ मताचे मौन आणि गाऱ्हाणे

वरील तिन्ही मार्गांची एक समान मर्यादा आहे. मत कोणाला दिले हे मोजता येते. का दिले हे मतदानयंत्र सांगत नाही. सिंधुदुर्गात ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा ते कोणासाठी आहे आणि मागणे काय आहे, हे मोठ्याने उच्चारले जाते आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. गुप्त मतदानात असा उच्चार नसतो. म्हणून निषेधाच्या मताचा अर्थ मतदानकेंद्राबाहेर, सभा, निवेदने, ग्रामसभेचे ठराव आणि संघटना यांतून आधीच स्पष्ट व्हावा लागतो. १९५७ च्या मताचा अर्थ सर्वांना कळला, कारण त्यामागे आंदोलन उभे होते.

आता प्रास्ताविकातील रापणकर मतदाराकडे वळू. त्याने मत देण्यापूर्वी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत :
१) माझ्या मतदारसंघात तिसरा उमेदवार खरोखर तिसरा आहे का, की दुसऱ्याच्या जवळ पोहोचला आहे?
२) पहिल्या दोघांतील फरक मला महत्त्वाचा वाटतो का? त्यांपैकी अधिक नकोसा उमेदवार निवडून आला, तर त्याचा परिणाम सोसण्याची माझी तयारी आहे का?
३) माझ्यासारखे मत देणारे आणखी किती आहेत आणि आमची मागणी मतदानाआधी जाहीर झाली आहे का?
४) हा उमेदवार वा पक्ष निकालानंतर पाच वर्षे या प्रश्नावर उभा राहील का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या निवडणुकीचा विचार करतात. शेवटची दोन पुढील निवडणुकीचा. लढत अटीतटीची असेल आणि पहिल्या दोघांत त्याला मोठा फरक वाटत असेल, तर डावपेचात्मक मतदान समंजसपणाचे ठरते. दोघांत त्याच्या प्रश्नापुरता फरकच नसेल आणि मागे संघटना उभी असेल, तर तिसऱ्याला दिलेले मत ही गुंतवणूक ठरते. संघटना नसताना, मागणी न मांडता दिलेले निषेधाचे मत मात्र बहुधा एका दिवसाच्या समाधानापलीकडे जात नाही. ‘मत फुकट घालवू नकोस’ हा सल्ला म्हणूनच सरसकट खरा नाही आणि सरसकट खोटाही नाही.

४.२.६ पसंतीक्रम : दुसरा नियम, दुसरा पेच

हा पेच मतमोजणीच्या नियमातून उद्भवत असेल, तर नियम बदलल्यास तो सैल होतो का? याचे उत्तर आपल्याच विभागात पाहता येते. विधानपरिषदेच्या कोकण विभाग पदवीधर मतदारसंघात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा समावेश होतो. तेथे मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कोणालाही निम्म्याहून अधिक वैध मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार इतरांना दिल्या जातात. त्यामुळे नाराज मतदार पहिली पसंती तिसऱ्याला देऊन निषेध नोंदवू शकतो आणि दुसरी पसंती देऊन निकालावरही प्रभाव टाकू शकतो. मात्र पुढील पसंती लिहिलीच नाही, तर त्याची मतपत्रिका मोजणीच्या नंतरच्या फेऱ्यांतून बाहेर पडते.

विद्यार्थी मित्रहो, पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या, त्या मतदारसंघात राहणाऱ्या व्यक्तीला या यादीत नाव नोंदवता येते. ही यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. त्यामुळे नमुना १८ भरून नोंदणी पुन्हा करावी लागते. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर पुढे आपल्यालाही हा हक्क बजावता येईल.

४.३ सारांश

साध्या बहुमताच्या पद्धतीत प्रत्येक मतदारसंघात लढत दोघांभोवती एकवटते. कोणता पक्ष ‘तिसरा’ हे मतदारसंघ व काळ यांवर अवलंबून असते, हे राजापूरच्या इतिहासावरून दिसते. तिसऱ्याचे मत वैध मतांत मोजले जाते; ‘नोटा’ची नोंद होते, पण विधानसभा व लोकसभेत त्याने निकाल बदलत नाही; बहिष्कार मोजलाच जात नाही. कोणत्याही मार्गात मतामागचे कारण आपोआप कळत नाही. निषेधाच्या मताचे मूल्य लढतीची स्थिती, मागणीचा जाहीर उच्चार आणि निकालानंतरचे संघटित काम यांवर ठरते.

४.४ पारिभाषिक शब्द

साधे बहुमत : निम्म्याहून अधिक मतांची अट नसलेली, इतरांपेक्षा जास्त मते मिळवण्यावर आधारलेली विजयाची पद्धत.
डावपेचात्मक मतदान : खरी पसंती बाजूला ठेवून, नको असलेला निकाल टाळण्यासाठी केलेले मतदान.
अनामत रक्कम : उमेदवारी अर्जासोबत भरावयाची व ठरावीक मते न मिळाल्यास जप्त होणारी रक्कम.
पसंतीक्रम मतदान : उमेदवारांना क्रमांक देऊन केलेले मतदान.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अ) यांत्रिक व मानसिक परिणाम. आ) त्या मतदारसंघात तो पक्ष पहिल्या दोघांपैकी एक होता व त्याचा उमेदवार विजयी झाला.
२. अ) तिसऱ्या पक्षाचे मत वैध मतांत धरले जाते, ‘नोटा’ धरला जात नाही. आ) ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास नागरी संस्थांत फेरनिवडणूक होते, विधानसभेत उमेदवारांपैकी पहिला विजयी ठरतो.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘तिसरा पक्ष ही मतदारसंघातील जागा आहे, पक्षाचा गुणधर्म नव्हे.’ राजापूरच्या आधारे चर्चा करा.
२) ‘मतविभाजन’ या संकल्पनेतील गृहीतकाचे परीक्षण करा.
३) टीप लिहा : संयुक्त महाराष्ट्र समिती आणि १९५७ चे मत.
४) क्षेत्रीय कार्य : आपल्या विधानसभा मतदारसंघातील मागील तीन निवडणुकांचे निकाल मिळवा. प्रत्येक वेळी तिसऱ्याच्या मतांचे दुसऱ्याच्या मतांशी असलेले गुणोत्तर काढा. ‘नोटा’ची मते विजयाच्या फरकाशी ताडून पाहा आणि आपला निष्कर्ष २०० शब्दांत लिहा.